शमी आणि तिची राजमान्यता

दसऱ्याला आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो, पण पूजा शमीचीही करतो. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे ठेवली ती हिच्यावर. महाराष्ट्रात सौंदड ह्या नावाने ओळखला जाणारा हा वृक्ष मारवाडात खेजडी होतो, आणि तेथे त्याचे महत्त्व वर्षातून एका दिवसापुरते राहत नाही. लूंग म्हणजे तिचा पाला उंट-शेळ्यांना, सांगरी म्हणजे कोवळ्या शेंगा भाजीला. मुळे फार खोल जात असल्यामुळे तिच्याखालचा बाजरा खुरटत नाही, उलट जोमाने येतो. १८६८-६९च्या दुष्काळात तर लोकांनी तिची साल दळून खाल्ली.

अशा वृक्षाशी दरबाराचे वर्तन कसे होते? १७३० मध्ये जोधपूरच्या महाराजा अभयसिंहांच्या नव्या महालाकरिता चुन्याच्या भट्ट्यांस सरपण हवे होते. दरबारची माणसे कुऱ्हाडी घेऊन खेजडली गावी आली, तेव्हा अमृतादेवी नावाची बिश्नोई स्त्री झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि मारली गेली. तिच्यामागून तिच्या तीन मुली, मग गावोगावचे बिश्नोई. परंपरा हा आकडा ३६३ सांगते. जांभोजींनी १४८५ मध्ये स्थापन केलेल्या ह्या पंथाच्या एकोणतीस नियमांत हिरवे झाड न तोडण्याचाही नियम आहे; पण नियमापायी मान देणारी माणसे इतिहासात क्वचितच भेटतात.

ह्यानंतर जोधपूर संस्थानाने एखाद्या वृक्षाला 'शाही' म्हणून गौरविले ते १९४० मध्ये, आणि तो मान मिळाला विलायती बाभळीला! नाव बाभळीचे, पण ही वास्तविक शमीचीच दूरची नातलग, अमेरिका खंडातून आणलेली. उडती वाळू थोपवावी, सरपण मिळावे, हा हेतू काही वाईट नव्हता. परंतु तिच्या गोड शेंगा गुरांनी खाल्ल्या, शेणावाटे बी रानोमाळ पसरले आणि गायरानांत व देवाच्या नावाने राखलेल्या ओरणांत तिची काटेरी जाळी माजली. तिच्याखाली गवतही धड उगवत नाही.

खेजडी राजस्थानचा राज्यवृक्ष झाली ती १९८३ मध्ये, खेजडलीच्या बलिदानानंतर अडीच शतकांनी. पुढे २०२४ मध्ये बिकानेर भागात सौर विद्युत्-प्रकल्पांसाठी जमिनी मोकळ्या करताना ह्याच राज्यवृक्षाची तोड होऊ लागली. विरोधात धरणे धरून बसलेल्यांत बिश्नोई होतेच.