दातांच्या दवाखान्यातला दिवा: पिवळा बल्ब ते एलईडी

आजचा विषय छोटा, पण रोजच्या कामाचा.

वसई-विरारमधल्या दवाखान्यांच्या दिव्यांबद्दल बोलायचं, तर मी लोडशेडिंगपासून सुरुवात करेन. 2005 च्या आसपासचा काळ आठवा. दहिसरच्या पलीकडे मुंबई झगमगायची आणि इकडे तासन्‌तास वीज गायब! इन्व्हर्टरवर 100 वॉटचा पिवळा बल्ब परवडणार कसा? मग सीएफएल आले. वीज वाचली, पण साधा सीएफएल मंद करता यायचा नाही.

आणि डेंटिस्टला मंद उजेडही लागतो, बरं का! दातात भरायचं कंपोझिट निळ्या प्रकाशाने कडक होतं. दिवा प्रखर असेल, तर आकार देण्याआधीच ते घट्ट व्हायला लागतं. उलट, दाताचा रंग जुळवताना दिवसासारखा स्वच्छ उजेड हवा. तिथे गफलत झाली, तर वेगळ्या रंगाची कॅप पेशंटला रोज आरशात दिसते.

2015 मध्ये उजाला योजना आली. सरकारी खरेदीत 2014 साली 310 रुपयांना असलेला एलईडी बल्ब 2016 मध्ये 38 रुपयांवर आला. पण असे स्वस्त घरगुती बल्ब बहुतेक मंद होत नाहीत.

म्हणून मी सांगेन, खोक्यावर दोन गोष्टी बघा: ‘डिमेबल’ हा शब्द, आणि सीआरआय 90 किंवा जास्त. सोबत एलईडीला चालणारा डिमर घ्या. पिवळ्या बल्बच्या जुन्या डिमरवर एलईडी लुकलुकू शकतो.

चला, भेटू पुढच्या भागात!