मागेल त्याला देणे (ख्रिस्ती दानविचार)

‘मागणाऱ्याला दे, उसने मागणाऱ्याकडे पाठ फिरवू नकोस’ या आशयाची येशूची आज्ञा (मत्तय ५:४२, लूक ६:३०) आणि तिच्या मर्यादेविषयीचा वाद. काम करण्यास नाखूश असणाऱ्याने खाऊही नये, असे पौलाने थेस्सलनीकाकरांस बजावले. मागेल त्या प्रत्येकाला द्या, पण मागेल ते सारे नव्हे, हा संत ऑगस्टीनचा तोडगा पुढे रूढ झाला.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात हा प्रश्न दुष्काळाने उभा केला. येथे 1831 पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या दारी 1876–78 व 1899–1900 मध्ये भुकेलेल्यांची रीघ लागली. द्यावे तर ‘भाकरीसाठी बाटले’ हा टोमणा ठरलेला. न द्यावे तर आज्ञाभंग. मिशनने अनाथांना आसरा दिला, पण हाताला कामही दिले: सुतारकाम, विणकाम.

कवी ना. वा. टिळकांना (1861–1919) असा हिशेब जमत नसे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ते नगरला राहिले. हाती आलेला पैसा गरजूकडे जाई आणि दुष्काळातली निराधार मुले घरी येत. त्यांच्या जेवणाची व्यवस्था अर्थात पत्नी लक्ष्मीबाईंकडे. स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात त्यांनी नवऱ्याच्या या उदारपणाची थट्टा केली आहे, तक्रारही. आज्ञा पाळणारा एक आणि तिची किंमत मोजणारे दुसरेच, ही बाजू धर्मशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच येते. 1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगारही सोडला आणि संन्यासी वृत्तीने साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला.