निळा रंग म्हणजे सगळं ठीक?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आपल्या नव्या भागाचा मजकूर.

परवा रात्री पावणेतीनला माझा फोन केकाटला. कुणाचा कॉल नव्हता. दंडावरच्या सेन्सरचा अलार्म होता. स्क्रीनवर आकडा 66 आणि बाण खाली. मी उठले, तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायले आणि पंधरा मिनिटं पलंगावर बसून राहिले. बाण सरळ झाला, पुन्हा झोपले. मला टाइप 1 डायबेटिस आहे, त्यामुळे अशा रात्री नव्या नाहीत.

सकाळी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या वेळी हे यंत्र असतं तर..." आणि गप्प झाली. मग तिने जे सांगितलं, तोच आजचा विषय.

आजोबा इन्सुलिन घ्यायचे. 1970च्या दशकातली गोष्ट, सांगलीची. रोज सकाळी मोरीजवळ स्पिरिटचा दिवा पेटायचा. काचेच्या नळीत 5 मिली बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे 8 थेंब, आणि मग उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी असं करत विटकरी झाला, तर साखर भरपूर. आजी वहीत रंग लिहून ठेवायची. निळा आला की आजोबा खूश, आणि घरसुद्धा खूश.

एका पहाटे आजोबा घामाने चिंब भिजून उठले आणि काहीतरी असंबद्ध बोलायला लागले. आजीला ओळखेनात. शेजारच्या कंपाउंडरकाकांनी साखरेचं पाणी पाजायला सांगितलं. नशिबाने त्यांना गिळता येत होतं. (माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. हे लक्षात ठेवा.) अर्ध्या तासात ते माणसांत आले. आजीने वही उघडली. आदल्या रात्री रंग होता निळा. त्याच्या आदल्या रात्रीही निळा.

आता यातली गोम बघा. रक्तातली साखर साधारण 180 मिलीग्रॅमच्या वर गेली, की मूत्रपिंडं ती लघवीत सोडू लागतात. म्हणजे साखर 170 असो, 100 असो की 45, नळी निळीच! शिवाय लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठलेली असते. नळी सांगायची ती मागच्या काही तासांची गोष्ट, आत्ताची नाही. आजोबा ज्या रंगावर खूश होते, त्याच रंगात धोका लपला होता. चूक त्यांची नव्हती, आजीचीही नव्हती. त्या काळी घरोघरी हेच साधन होतं.

रक्तातली साखर मोजणारं छोटं यंत्र तेव्हा जगात नव्हतं का? होतं की! पण पेशंटच्या हातात नव्हतं. इथे आपल्या गोष्टीत येतात अमेरिकेतले रिचर्ड बर्नस्टीन. पेशाने इंजिनिअर. 1946 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी त्यांना डायबेटिस झाला. 1969 मध्ये त्यांनी एका यंत्राची जाहिरात पाहिली. एका थेंब रक्तातून मिनिटभरात साखर सांगणारं यंत्र. वजन सव्वा किलोच्या पुढे, किंमत 650 डॉलर. ते बनवलं होतं हॉस्पिटलांसाठी. रात्री लॅब बंद असताना बेशुद्ध आलेला माणूस दारू प्यायलाय की डायबेटिसमुळे पडलाय, हे कळावं म्हणून. पेशंटला ते विकतच नसत. बर्नस्टीनची बायको डॉक्टर होती. तिच्या नावावर यंत्र मागवलं!

मग हा इंजिनिअर दिवसातून अनेकदा बोट टोचून आकडे लिहू लागला. दिसलं काय? साखर एका जागी नव्हतीच. सारखी वर-खाली. त्यांनी हे अनुभव लिहून वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवले, ते परत आले. शेवटी पंचेचाळिशीत ते स्वतः मेडिकल कॉलेजात गेले आणि 1983 मध्ये डॉक्टर झाले. त्यांच्या आहाराच्या सल्ल्यावर आजही वाद आहेत, तो वेगळा विषय. पण साखर पेशंटने स्वतः, घरी मोजायची, ही वाट रुळवणाऱ्यांत ते होते.

आता साखर अशी नाचते का? जेवल्यावर वाढते, हे आपल्याला माहीत आहे. पण रात्रभर काही न खाता सकाळी 160 कशी? याचं मूळ एकोणिसाव्या शतकात क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलं होतं. आपलं यकृत स्वतः साखर बनवतं, साठवतं आणि रक्तात सोडतं. पहाटे शरीर जागं होण्याच्या तयारीत काही हार्मोन्स वाढतात आणि यकृताचा नळ सैल होतो. इन्सुलिन पुरेसं नसेल तर आकडा चढतो. ताप आला, परीक्षेचं टेन्शन आलं, तरी तेच. उलट गड चढून आलात तर स्नायू साखर ओढत राहतात, आणि आकडा कधी कधी त्याच रात्री झोपेत घसरतो. माझ्या त्या 66चं कारण हेच. दुपारी सिंहगड, रात्री नेहमीचाच डोस.

हे सगळं मोजून खरंच फरक पडतो का? 1993 मध्ये याचं मोठं उत्तर मिळालं. अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप 1 असलेल्या 1,441 जणांचा अभ्यास. ज्यांनी वारंवार मोजून साखर काटेकोर ठेवली, त्यांच्यात डोळ्याचा विकार होण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटला. पण याच गटात साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. म्हणजे नुसतं खाली आणणं हे ध्येय नाही. खाली किती, हेही दिसायला हवं. आजोबांची नळी नेमकं तेच दाखवत नव्हती.

खरं सांगू? सुरुवातीची दोन वर्षं मी प्रत्येक आकडा परीक्षेच्या मार्कांसारखा बघायचे. 220 आला की नापास. मग मोजणंच टाळायचे, म्हणजे आजोबांपेक्षाही मागे गेले होते, तेही हातात यंत्र असून! आता 220 दिसला की विचारते, काय खाल्लं, डोस कधी घेतला, झोप झाली का? आकडा म्हणजे निकाल नाही, बातमी आहे. तीन-चार दिवस एकाच वेळी तीच बातमी आली, की डॉक्टरांशी बोलून डोस बदलायचा.

एक सूचना. सेन्सर थेट रक्त मोजत नाही, त्वचेखालचा द्रव मोजतो. म्हणून तो काही मिनिटं मागे असतो. हातपाय थरथरतायत आणि स्क्रीन सगळं ठीक म्हणतेय? बोट टोचून बघा.

आजीकडे ती वही अजून आहे. पानोपानी तिच्या अक्षरात निळा, निळा, हिरवा, निळा. काल तिला माझ्या फोनवरचा रात्रीचा आलेख दाखवला. 66ची ती दरी बोटाने चाचपत ती म्हणाली, "अच्छा, म्हणजे हे असं होतं होय त्या पहाटे."

तुमच्या घरी अशी एखादी वही, नळी किंवा आठवण असेल तर नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!