दक्षिण मुंबई : लोकसभा मतदारसंघाचा इतिहास

मंत्रालय, रिझर्व्ह बँक, शेअर बाजार आणि गोदी यांना सामावून घेणारा दक्षिण मुंबई हा देशातील प्रतिष्ठेच्या लोकसभा मतदारसंघांपैकी एक मानला जातो. मात्र येथील मतदारांनी मातब्बर नेत्यांनाही पराभवाची चव चाखायला लावली आहे.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथून काँग्रेसचे स. का. पाटील निवडून आले. मुंबईचे महापौरपद भूषविलेल्या पाटील यांनी १९५७ आणि १९६२ मध्येही विजय मिळविला. १९६७ मध्ये मात्र संयुक्त समाजवादी पक्षाचे तरुण कामगार नेते जॉर्ज फर्नांडिस यांनी त्यांचा पराभव केला. पाटील त्यावेळी केंद्रीय रेल्वेमंत्री होते. पुढे १९८९ मध्ये फर्नांडिस यांच्याकडेही रेल्वे खाते आले.

१९७१ मध्ये काँग्रेसचे डॉ. एन. एन. कैलास, तर १९७७ आणि १९८० मध्ये जनता पक्षाचे रतनसिंह राजदा विजयी झाले. १९८४, १९८९ आणि १९९१ अशा सलग तीन निवडणुका काँग्रेसचे मुरली देवरा यांनी जिंकल्या. त्यानंतर देवरा आणि भारतीय जनता पक्षाच्या जयवंतीबेन मेहता यांच्यात चुरस रंगली. १९९६ व १९९९ मध्ये मेहता, तर १९९८ मध्ये देवरा निवडून आले. २००४ मध्ये देवरा यांचे पुत्र मिलिंद यांनी मेहता यांना पराभूत केले.

२००८ च्या पुनर्रचनेने मतदारसंघाचे स्वरूपच पालटले. कुलाबा, मुंबादेवी आणि मलबार हिल यांच्या जोडीला वरळी, शिवडी आणि भायखळा हे विधानसभा मतदारसंघ आले. व्यापारी पेठा व उच्चभ्रू वस्तीला गिरणगावातील चाळींची जोड मिळाली. २००९ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे बाळा नांदगावकर आणि शिवसेनेचे मोहन रावले यांच्यात मतविभागणी झाली. दोघांच्या मतांची बेरीज विजयी मिलिंद देवरा यांच्या मतांहून अधिक होती. २०१४ आणि २०१९ मध्ये शिवसेनेचे अरविंद सावंत यांनी देवरा यांना हरविले. पक्षातील फुटीनंतर, २०२४ मध्ये, सावंत यांनी शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षातर्फे शिंदे यांच्या शिवसेनेच्या यामिनी जाधव यांचा पराभव केला.

मतदानाबाबतची उदासीनता हा येथील चिंतेचा विषय राहिला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनस, ताज व ट्रायडंट हॉटेल आणि नरिमन हाऊस ही याच मतदारसंघातील ठिकाणे लक्ष्य झाली. त्यानंतर नागरिकांत तीव्र संताप उसळला, तरीही काही महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत मतदान सुमारे ४० टक्केच झाले. २०२४ मध्येही हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास राहिले. देशाच्या आर्थिक राजधानीचा खासदार कोण, याचा निर्णय त्यामुळे जवळपास निम्मे मतदारच घेत आले आहेत.