ठाऊक असलेल्या शेवटाची गोडी

नाताळ जवळ आला कीं अमेरिकेंत अलीकडे दोन युवतींच्या प्रेमाच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या तरुण वाचकांपुढें येतात. बर्फ, सुटी, ओळख, रुसवा आणि मीलन. शेवट आधींच ठाऊक असतो. मग गोडी कसली? ती त्या ठाऊक असलेल्या शेवटाचीच आहे. कारण तो सहजासहजीं मिळालेला नाहीं.

१९४८ च्या डिसेंबरांत पॅट्रिशिया हायस्मिथ ही लेखिका न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानांत खेळणीं विकीत होती. तेथें आलेल्या एका स्त्रीला पाहून तिला कथा सुचली. 'द प्राइस ऑफ सॉल्ट' ही ती कादंबरी १९५२ सालीं टोपणनांवानें निघाली. तेव्हां अशा कथांतील नायिकांना बहुधा मरण, वेड किंवा पश्चात्ताप यांवांचून गति नसे. हिच्या नायिकांना मात्र सहवासाची आशा लाभली. वाचकांचीं कृतज्ञतेचीं पत्रें आलीं. तरी लेखिकेचें खरें नांव पुस्तकावर आलें तें १९९० मध्यें.

नॅन्सी गार्डन या लेखिकेची 'ॲनी ऑन माय माइंड' ही १९८२ ची किशोरकादंबरीहि नाताळच्या सुटींतील भेटीच्या आशेवर संपते. १९९३ मध्यें कॅन्सस सिटींत तिची प्रत जाळण्यांत आली. जवळच्या ओलेथ येथील शाळांच्या ग्रंथालयांतून ती काढण्यांत आली. विद्यार्थी व पालक न्यायालयांत गेले. १९९५ मध्यें निकाल त्यांच्या बाजूनें लागला, आणि पुस्तक कपाटांत परत आलें.

सणासुदीला भरल्या घरांतहि जिला मन उघड करतां येत नाहीं, तिला अशी कथा एवढेंच सांगते कीं, तिचीहि गोष्ट आनंदानें संपूं शकते.