साबणाच्या वडीपासून सॉफ्टवेअरपर्यंत

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत मुलांच्या नोकऱ्यांचा विषय निघाला, की हल्ली एक हुद्दा वारंवार कानावर पडतो: प्रॉडक्ट मॅनेजर. इंजिनिअर म्हणजे काय हे भारतातून आलेल्या आजीआजोबांनाही ठाऊक असते. पण हा माणूस कोड लिहीत नाही, माल विकत नाही, त्याच्या हाताखाली माणसेही नसतात. मग याला पगार मिळतो तो कशाचा? प्रश्न रास्त आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात या मंडळींबरोबर काम करताना मलाही तो पडला. उत्तर शोधत मागे गेलो, तर पोचलो एका साबणाच्या कंपनीत!

ओहायोतील सिनसिनाटीची प्रॉक्टर अँड गॅम्बल ही कंपनी आपल्या परिचयाची आहे. आयव्हरी हा तिचा जुना, नावाजलेला साबण. त्यामागून आलेला कॅमे. कॅमेच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या नील मॅकेलरॉय या तरुणाची अडचण अशी, की त्याला बाहेरच्या कंपन्यांशी लढायचे होतेच, शिवाय घरातल्या थोरल्या भावाशीही. कंपनीत सगळ्यांचे लक्ष आयव्हरीकडे. कॅमेचे बरेवाईट पाहणे हे कोणा एकाचे काम नव्हतेच.

१३ मे १९३१ रोजी मॅकेलरॉयने वरिष्ठांना एक टिपण पाठवले. अध्यक्ष रिचर्ड ड्यूप्री यांना एका पानापेक्षा मोठे टिपण खपत नसे. हे तीन पानांचे होते. त्यातली मागणी अशी, की प्रत्येक साबणाला स्वतःचा एक 'ब्रँड मॅन' असावा. त्याची कामेही त्याने लिहून दिली. माल कुठे किती जातो ते पाहायचे. जिथे खप चांगला आहे तिथे तो कशामुळे, हे शोधून तोच उपाय इतरत्र करून बघायचा. जिथे खप कमी, तिथला मागचा इतिहास वाचायचा आणि मग स्वतः त्या भागात जाऊन दुकानदार आणि गिऱ्हाईक या दोघांशी बोलायचे. दुखणे कळले की उपाय आखायचा आणि परिणाम मोजायचा. कंपनीने ही पद्धत उचलली. पुढे हाच मॅकेलरॉय १९४८ मध्ये कंपनीचा अध्यक्ष आणि १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. त्याच्याच कारकिर्दीत, १९५८ मध्ये, आर्पा ही संशोधनसंस्था स्थापन झाली. तिच्या अर्पानेटमधून पुढे इंटरनेट आले. तेव्हा आम्हा संगणकवाल्यांवर या साबणवाल्याचे उपकार दुहेरी आहेत.

या पद्धतीतली मेख अशी, की ब्रँड मॅनवर जबाबदारी पूर्ण, पण कारखाना, प्रयोगशाळा, विक्रेते यांपैकी कोणीही त्याच्या हुकमाखाली नाही. आपल्याकडे लग्नघरात एक काका असतात. आचारी, मांडववाला, गुरुजी, यांतला कोणीच त्यांचा नोकर नसतो. पण पंगतीला उशीर झाला तर बोल काकांनाच! मग काकांचे ऐकतात का? कारण कोठीत साखर किती उरली आहे आणि वऱ्हाडाची बस कुठवर आली आहे, हे त्या घरात फक्त त्यांनाच माहीत असते.

टोयोटाने १९५०च्या दशकात मोटारींसाठी 'शुसा', म्हणजे मुख्य अभियंत्याची, पद्धत सुरू केली, तिचेही मर्म हेच. १९५५ची क्राउन केन्या नाकामुरा यांची, तर १९६६ची कोरोला मूळचे विमान-अभियंते तात्सुओ हासेगावा यांची. इंजिन, सांगाडा, कारखाना यांचे इंजिनिअर आपापल्या विभागप्रमुखाचे ऐकत. शुसाला हुकूम सोडता येत नसे; पटवून द्यावे लागे.

आणि पटवायचे कशाच्या बळावर? आपल्यापैकी अनेकांच्या दारात उभ्या असलेल्या सिएना व्हॅनचे उदाहरण घ्या. २००४च्या मॉडेलचे प्रमुख युजी योकोया यांनी अमेरिकेची पन्नासही राज्ये, कॅनडाचे सर्व प्रांत आणि मेक्सिको असा सुमारे ५३,००० मैलांचा प्रवास केला. मिसिसिपीच्या पुलावर आडवा वारा व्हॅनला कसा ढकलतो, सांता फेच्या अरुंद गल्लीत वळण कसे बसत नाही, लांबच्या प्रवासात इथली माणसे गाडीतच कशी खातात-पितात, मागे बसलेल्या मुलांना काय लागते, हे त्यांनी स्वतः अनुभवले. असा माणूस बैठकीत बोलू लागला की वाद आपोआप कमी होतात.

साबणाची ही विद्या सॉफ्टवेअरमध्ये आणणाऱ्यांपैकी एक म्हणजे स्कॉट कुक. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये उमेदवारी केलेल्या या गृहस्थाने १९८३ मध्ये इंट्यूट काढली. तिची माणसे क्विकन विकत घेणाऱ्याच्या घरी जाऊन, तो ते कसे वापरतो हे शेजारी बसून मुकाट्याने पाहत. पुष्कळ लोक घरखर्चाचे हे सॉफ्टवेअर आपल्या छोट्या धंद्यासाठी वापरतात असे आढळले. त्यातून १९९२ मध्ये क्विकबुक्स आले.

याच्या उलटही मी पाहिले आहे. एका कंपनीत (नाव नको) आमच्या गटाने दीड वर्ष खपून गोदाम-कामगारांसाठी एक प्रणाली बांधली. प्रॉडक्ट मॅनेजर हुशार, त्याचे तक्ते देखणे; पण गोदामात तो एकदाही गेला नव्हता. तिथले लोक हातमोजे घालून काम करतात आणि पडद्यावरची बटणे हातमोज्यांनी दाबली जात नाहीत, हे पहिल्या दिवशी उघड झाले. प्रकल्प गुंडाळला, गटही मोडला. त्यातले दोघे एच-वन व्हिसावर होते. नवी नोकरी शोधायला हातात फार तर साठ दिवस, आणि मुलांची शाळा नुकतीच सुरू झालेली. न केलेल्या एका फेरीची किंमत अशी भलत्यानेच भरली.

आपल्या समाजात पदव्यांना मान आहे. मीही डॉक्टरेटपर्यंत शिकलो आणि त्याचा आनंद आहे. पण हे काम पदवीवर चालत नाही. इंजिनिअरांना त्या माणसाचे ऐकावेसे वाटते ते त्याने त्यांच्यापेक्षा जास्त पाहिलेले असते म्हणून. तेव्हा तुमचा भाचा किंवा लेक या वाटेने निघाली असेल, तर कुठल्या कंपनीत, पगार किती, हे जरूर विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा, की तुझी वस्तू वापरणाऱ्या माणसाच्या शेजारी तू शेवटचा केव्हा बसला होतास?