पँथर : तो आणि ती

खेड, जुन्नर, आंबेगावात उसाच्या फडातून बिबट्या निघाला की बातमी बिबट्याचीच होते. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या एका मोटार कारखान्यात शिरला तोही मराठी बातमीत बिबट्याच. ‘पँथर’ हा शब्द मराठीने वेगळ्या कामासाठी राखून ठेवला आहे. पिंपरीत १४ एप्रिलच्या फलकांवर एखाद्या ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या नावाआधी तो लागतो, तेव्हा त्याचा मान ‘डॉ.’ किंवा ‘अ‍ॅड.’पेक्षा कमी नसतो.

मूळ शब्द ग्रीक. ‘पान’ म्हणजे सर्व आणि ‘थेर’ म्हणजे श्वापद ही त्याची फोड जुनी आहे. पण ती लोकव्युत्पत्ती. संस्कृत कोशांत ‘पुंडरीक’ या शब्दाला कमळासोबत वाघ असाही अर्थ आहे, म्हणून काही अभ्यासकांनी पँथरचे नाते त्याच्याशी जोडून पाहिले. त्यावर एकमत नाही.

मराठीत तो आला तो मात्र कोशांतून नव्हे, कॉलेजांतून. अटलांटातील क्लार्क कॉलेज या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचे मानचिन्ह पँथर होते. १९६५-६६ च्या सुमारास अलाबामातील लाउंड्स परगण्यात विद्यार्थी कार्यकर्ते कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करत होते. त्यांच्या नव्या पक्षाला मतपत्रिकेसाठी निवडणूक चिन्ह हवे होते. समोरच्या गोऱ्यांच्या पक्षाचे चिन्ह कोंबडा. यांनी क्लार्कच्या मानचिन्हावरून काळा पँथर घेतला. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी तेच नाव आपल्या पक्षाला दिले. हे दोघे भेटले होते मेरिट कॉलेजात, आणि कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवा, या तिथल्या मागणीतही होते.

१९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांचे सहकारी ‘दलित पँथर’ या संघटनेसाठी हे नाव इकडे घेऊन आले. अमेरिकेतल्या लढ्याकडे पाहण्याची रीत आपल्याकडे नवी नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांनाच. ढसाळ मूळचे खेड तालुक्यातल्या पूर गावचे, म्हणजे चाकणच्याच तालुक्यातले. बिबट्या हा शब्द त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तरी ‘दलित बिबट्या’ झाले नाही, ते बरेच झाले. बिबट्या म्हटले की शेळी, कुत्रे, पिंजरा आणि वन खाते आठवते. त्याच्या हल्ल्याची तक्रार करायची असते. पँथर म्हटले की ओकलंडची पोरे आठवत.

जोडीचा शब्द घरचा. ‘दलित’ संस्कृत ‘दल्’ धातूचा: फोडणे, भरडणे. आपले दळण आणि डाळ त्याच कुळातले. दळले गेलेले, ते दलित. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने या शब्दाची हद्द वाढवली: अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया, सगळे त्यात आले.

संघटनेच्या शाखेला ‘शाखा’ म्हणायचे नव्हते, म्हणून ‘छावणी’ आली. छावणे म्हणजे छप्पर घालणे, शाकारणे. फौज पावसाळ्याला मुक्काम ठोकी, ती छावणी. पिंपरी-चिंचवडच्या दोन अंगांना देहूरोड आणि खडकी या लष्कराच्या छावण्या आहेत, सरकारी मराठीत ‘कटक मंडळे’. त्याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. पँथरच्या छावण्या मात्र झोपडपट्टीत, चाळीत आणि वसतिगृहात पडल्या. वडाळ्याचे सिद्धार्थ विहार हे विद्यार्थ्यांचे वसतिगृह त्यांत सर्वांत गाजलेले.

इंग्रजी नावाला मराठीने लिंगही दिले, आणि एक नव्हे, दोन. माणूस असेल तर तो पँथर. संघटना असेल तर ती. पँथर फुटली, असेच म्हणतात. १९७७ मध्ये ढाले-पवारांनी ती बरखास्त केल्याचे जाहीर केले. ‘तो’ मात्र बरखास्त झाला नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत मोर्चे काढणारी, तुरुंगात जाणारी कितीतरी पोरे स्वतःला पँथरच म्हणवत राहिली.

या मोर्च्यांत बायाही होत्या, मुलींच्या वसतिगृहांतल्या विद्यार्थिनीही. पण फलकावर स्त्रीच्या नावाआधी ‘पँथर’ क्वचितच दिसते. जाहीरनाम्याने व्याख्येत त्यांना जागा दिली, बोलीने ‘ती’ संघटनेपुरती ठेवली. मराठी कोशात ‘पँथर’ची नोंद पु. आणि स्त्री. अशी दोन्ही लिंगांत व्हावी, आणि स्त्रीलिंगापुढे ‘संघटना’ हा एकच अर्थ देऊन थांबू नये.